शेडच्या मागचे यंत्र

आज खंडेनवमी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी, कुपवाड या पट्ट्यातल्या कारखान्यांत काल दुपारपासूनच कामाचा जोर उतरला असेल. लेथ पुसून झाले, ड्रिलवर तेलाचा हात फिरला, भट्टीच्या पॅनेलवरची काजळी गेली, फरशी धुऊन निघाली. आज सकाळी प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि पुढे नारळ. मालक सहकुटुंब हजर, कामगारांना पेढे आणि घरी न्यायला मिठाईचा पुडा. वर्षभर शिव्या खाणाऱ्या कॉम्प्रेसरलाही आज कुंकू लागते. फोर्कलिफ्टच्या काट्यांना लागते, वजनकाट्याला लागते, ऑफिसातल्या संगणकालाही लागते. एक यंत्र मात्र या पूजेतून नेमाने सुटते, कारण ते शेडच्या आत नसतेच. मागच्या भिंतीबाहेर, भंगाराच्या ढिगाशेजारी पत्र्याची एक उंच चौकोनी पेटी असते. तिच्या खाली निमुळता हॉपर, बाजूला पंखा आणि वर गेलेले धुराडे. कारखान्यात तिला डस्ट कलेक्टर म्हणतात, आणि जुने लोक नुसतेच ‘बॅग हाउस’.

या यंत्रातून विकण्याजोगे काही बाहेर पडत नाही, हाच त्याचा मूळ गुन्हा. ते बंद पडले म्हणून त्या पाळीचा एकही नग कमी होत नाही. उलट विजेचे बिल थोडे उतरते. त्यामुळे देखभालीच्या वहीत त्याचा नंबर शेवटचा आणि खर्चकपातीत पहिला. आजच्या मुहूर्तावर आमचे म्हणणे एवढेच आहे : सगळ्या शेडच्या वाट्याची धूळ ज्या पेटीच्या पोटात जाते, ती पेटी कोण उघडतो, कशी उघडतो आणि किती दिवसांनी उघडतो, यावरून कारखान्याची पारख व्हावी. धूळ पकडली म्हणजे ती नाहीशी होत नाही. शंभर जणांच्या नाकापासून दूर नेलेली ती धूळ शेवटी एका माणसाच्या पुढ्यात येऊन पडते, आणि तो माणूस बहुतेक ठिकाणी कंपनीच्या हजेरीपटावरही नसतो.

यंत्राची कल्पना तशी आपल्या गल्लीतली आहे. पिठाच्या गिरणीत जात्याच्या तोंडाला कापडाची बाही बांधलेली असते. पीठ खाली डब्यात उतरते, हवा कापडातून गाळून बाहेर पडते आणि गिरणीवाला अधूनमधून त्या बाहीवर हात मारतो. बॅग हाउसमध्ये अशाच बाह्या शेकड्याने टांगलेल्या असतात, फक्त हवा उलट वाहते. धुळीची हवा बाहेरून आत शिरते, धूळ कापडाच्या बाहेरच्या अंगाला अडकते, स्वच्छ हवा बाहीच्या पोकळीतून वर निघून जाते. बाही चेपू नये म्हणून आत तारांचा पिंजरा असतो, त्याला केज म्हणतात. हात मारण्याचे काम दाबाची हवा करते. ठरावीक सेकंदांनी एकेका रांगेवरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, पाच-सहा बारची हवा वरून आत घुसते, बाही फुगून झटका खाते आणि धुळीचा थर हॉपरमध्ये गळतो. रात्रपाळीत औद्योगिक वसाहतीतून जाताना भिंतीपलीकडून थांबून थांबून ‘फट्… फट्…’ असा आवाज येतो, तो याचाच.

पण पेटीच्या आधी बराच रस्ता असतो, आणि अर्धे आजार तिथेच जडतात. फौंड्रीचेच घ्या. साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात ते नॉकआउट, वाळू पुन्हा तयार करणारा सँड प्लांट, कास्टिंगवर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करणारे शॉट ब्लास्ट आणि शेवटी कडा घासायचे फेटलिंग. या प्रत्येक जागी तोंडाशी हुड आणि तिथून पेटीपर्यंत डक्ट. अशा जड धुळीला डक्टमधून वाहून न्यायचे तर हवेला सेकंदाला १८ ते २० मीटर वेग लागतो. वेग उतरला की आडव्या पाइपात आणि बाकांवर धूळ बसू लागते. ती बसली की वाट अरुंद होते, ओढ आणखी कमी होते आणि एके दिवशी डक्ट चोक. हुडचे दुखणे याहून साधे आहे. उघड्या पाइपाच्या तोंडासमोर, पाइपाच्या व्यासाइतक्या अंतरावर ओढीचा वेग जेमतेम एक दशांश उरतो. म्हणजे ‘क्रेनला अडतो’ म्हणून कोणी हुड फूटभर मागे सरकवला, की पंखा फिरतो, मीटर पळते, व्हॉल्व्ह फटफटतात, आणि धूळ मात्र माणसाच्या तोंडावरूनच वर जाते. १९४८ च्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याचे कलम १४ लिहिणाऱ्याला हे कळत होते. धूळ ओढणारे साधन धूळ निघते त्या जागेच्या शक्य तितके जवळ असावे, असे तिथे स्पष्ट म्हटले होते.

या यंत्राची नाडी पाहायची तर एक साधे उपकरण पुरते. पेटीच्या धुळीच्या बाजूचा आणि स्वच्छ बाजूचा दाब यांतला फरक दाखवणारे मापक, म्हणजेच डीपी गेज. छोट्या कारखान्यात त्या जागी इंग्रजी यू आकाराची काचेची नळी आणि तीत रंगीत पाणी असते. दोन भुजांतल्या पाण्याच्या उंचीतला फरक हाच आकडा. फौंड्रीच्या बॅग हाउसला तो साधारण १०० ते १५० मिलिमीटर असला की गाडी रुळावर. दिवसेंदिवस चढत २००, २५० वर गेला तर बॅगा चोक होत आहेत आणि हुडवरची ओढ मरते आहे. अचानक खाली आला तर जपून, कारण तेव्हा बहुधा एखादी बॅग फाटलेली असते. गंमत अशी की त्या दिवशी शेडमधले सगळे खूश असतात, कारण ओढ झकास झालेली असते. धूळ सरळ धुराड्यातून गावावर पडत असते एवढेच. आणि काटा शून्यावरच बसून असेल तर बॅगांना दोष देण्यापूर्वी मापकाची बारीक नळी तपासावी, तीच धुळीने बुजलेली असते. कितीतरी ठिकाणी त्या काचेतले पाणी केव्हाच सुकलेले असते आणि तळाला नुसता लाल डाग उरलेला असतो. वहीत मात्र रोज तिन्ही पाळ्यांना ‘१२०’ लिहिलेले सापडते, एकाच पेनाने.

स्वच्छतेचा उत्साह या यंत्राला मानवत नाही, हेही सांगायला हवे. नवी कोरी बॅग चांगली गाळत नाही. तिच्यावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच खरे गाळणीचे काम करू लागतो, कापड फक्त त्याला धरून ठेवते. म्हणून जाणते मेन्टेनन्सवाले नव्या बॅगा घातल्यावर चुनखडीची भुकटी आत सोडून आधी एक अस्तर चढवतात आणि मगच यंत्र कामाला लावतात. ‘बॅग साफ तर सगळे साफ’ असे समजून दोन झटक्यांमधला (पल्सिंगचा) वेळ कमी करत नेला तर प्रत्येक झटक्याला तो उपयोगी थर गळतो, बारीक कण कापडात घुसतात, केजवर आपटून आपटून कापड झिजते आणि दोन-तीन वर्षे टिकणारी बॅग काही महिन्यांत निकामी होते. डीपी चढला की झाडायचे आणि उतरला की थांबायचे, असा डोळस नियंत्रक बाजारात मिळतो आणि तो बॅगांच्या एका संचापेक्षा महागही नसतो. पाळी संपली आणि पंखा बंद केला की आणखी दहा-पंधरा मिनिटे पल्सिंग चालू ठेवावे. वरच्या दिशेची ओढ नसल्याने तेव्हा धूळ सरळ खाली पडते. याला खर्च काहीच नाही. सुटीची घाई तेवढी आड येते.

आता कालच्या साफसफाईबद्दल. खंडेनवमीची झाडलोट म्हणजे आपल्याकडे कॉम्प्रेसरची नळी. एखाद्या पोराला शिडीवर चढवायचे आणि गर्डर, केबल ट्रे, पंख्याची पाती, पॅनेलची डोकी अशा सगळ्यांवर फवारा मारायला लावायचा. अर्ध्या तासात लोखंड चमकते. जाड वाळू खाली पडते, ती झाडूने गोळा होते. पण काही मायक्रॉनचे कण, जे फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोचतात, ते तासन् तास हवेतच तरंगतात. वर्षभर गर्डरवर निपचित बसलेली ही धूळ एका दुपारी सगळ्यांच्या छातीत घालायची, आणि तीही देवाच्या नावाने! त्यावर कडी म्हणजे काम बंद असल्याने मागचा पंखाही तेव्हा बंदच असतो. नाकाला बांधलेला रुमाल या कणांपुढे काहीच करू शकत नाही. चांगला गाळणीचा औद्योगिक व्हॅक्यूम घ्यावा, निदान ओल्या फडक्याने वरून खाली पुसत यावे. ॲल्युमिनियमची धूळ असेल तिथे पाणीही नको. पाण्याशी तिची रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन वायू निघतो, आणि तो पेट घेतो.

फौंड्रीतली धूळ म्हणजे मुख्यतः सिलिका. सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागात निघणारी पांढरी वाळू साच्यासाठी येते तेव्हा तिचा दाणा चांगला ठसठशीत असतो. तो श्वासातून खोल जात नाही. पण वितळलेल्या लोखंडाचा चटका, पुन्हा पुन्हा वापर, नॉकआउटची आदळआपट आणि छर्ऱ्यांचा मारा यांनी तो फुटत जातो आणि डोळ्यांना न दिसणारा चुरा होतो. हा चुरा फुप्फुसात शिरला की शरीर त्याला विरघळवू शकत नाही. त्याच्याभोवती व्रणाच्या गाठी धरतात, फुप्फुस ताठर होत जाते. तो सिलिकोसिस. यावर औषध नाही. नोकरी सोडली तरी तो वाढत राहू शकतो. क्षयरोगाचा धोका त्यात बळावतो, आणि एक्स-रेवरून आधी क्षयच समजून उपचार होण्याचे प्रकारही कमी नाहीत. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हा रोग होता. तो आढळला तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि डॉक्टरने कळवावे, असे कलम ८९ सांगत असे. पण धाप लागू लागलेला कामगार तोवर काम सोडून उत्तर प्रदेशातल्या, ओडिशातल्या किंवा इथल्याच चंदगड, आजऱ्यातल्या आपल्या गावी गेलेला असतो. तिथल्या डॉक्टरने ‘पूर्वी काय काम करत होतास’ असे विचारले नाही, तर हा रोग कोणत्याच कागदावर चढत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतही वेगळे घडले नव्हते. कार्डिंग खात्यातल्या माणसाची छाती साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळून यायची. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला बिसिनोसिस हे नाव होते, घरी मात्र तो दमाच समजला जायचा.

वाळूची धूळ जळत नाही. साखर, पीठ, लाकडाचा भुसा, मसाले, औषधांची भुकटी, ॲल्युमिनियम यांची धूळ जळते, आणि हवेत पुरेशी मिसळलेली असेल तर तिचा स्फोट होतो. डस्ट कलेक्टरकडे या नजरेने पाहिले तर अंगावर काटा येतो. बारीक इंधन आत आहे, हवा आहे, पेटी बंद आहे आणि दर काही सेकंदांनी एक झटका ते इंधन हवेत ढगासारखे उडवतो. उणीव फक्त ठिणगीची. ती ग्राइंडरवरून डक्टमधून येऊ शकते, जाम झालेल्या बेअरिंगमधून येऊ शकते, अर्थिंग न केलेल्या केजवरच्या स्थिर विजेतून येऊ शकते. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकाच डस्ट कलेक्टरला जोडणारे कारखानदार आहेत. ‘एकच पंखा पुरतोय की’ हे त्यांचे उत्तर असते. लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची भुकटी एकत्र पेटली की रेल्वेचे रूळ जोडण्याइतकी उष्णता निर्माण होते.

चीनमधल्या कुनशानची गोष्ट या संदर्भात प्रत्येक मेन्टेनन्स खात्यात सांगितली जावी. मोटारींच्या ॲल्युमिनियमच्या चाकांना पॉलिश करणारा तो कारखाना. २ ऑगस्ट २०१४ च्या सकाळी साडेसातच्या सुमारास, पाळी नुकतीच सुरू झाली असताना तिथे स्फोट झाला. पहिल्या तीस दिवसांत ९७ माणसे गेली आणि पुढे मृतांचा आकडा १४६ वर पोचला. सरकारी चौकशीत जे निघाले ते फार साधे होते. धूळ ओढण्याची यंत्रणा बराच काळ साफ केलेली नव्हती. एका डस्ट कलेक्टरखालच्या धूळ साठवायच्या डब्याला गंजून भोक पडले होते. दिवस पावसाचे होते. ओल आत शिरली, दमट ॲल्युमिनियमची भुकटी आतल्या आत तापत गेली आणि पेटली. स्फोटाचा दाब बाहेर काढून देणारी फुटती झडप पेटीला नव्हती, म्हणून तो दाब डक्टमधून उलटा शेडमध्ये शिरला. बाहेर मोठी आग लागली नव्हती, कोणी सिगारेट ओढली नव्हती. गंजलेला पत्रा, थोडी ओल आणि ‘पुढच्या आठवड्यात बघू’, एवढ्यावर हे झाले.

पश्चिम महाराष्ट्राने डोळे उघडून वाचावी अशी दुसरी घटना साखरेची आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, सॅव्हाना शहराजवळ पोर्ट वेंटवर्थ येथे इम्पीरियल शुगरची जुनी रिफायनरी होती. ७ फेब्रुवारी २००८ च्या संध्याकाळी तिथे झालेल्या स्फोटात १४ कामगार दगावले. सायलोखालच्या कन्व्हेयर पट्ट्यावर घाण पडू नये म्हणून वर्षभरापूर्वी त्याला चहूबाजूंनी स्टीलचे पत्रे लावून बंद केले होते. हेतू चांगला, पण आतली धूळ बाहेर जायला वाट उरली नाही. पहिला स्फोट त्या पट्ट्यात झाला, बहुधा तापलेल्या बेअरिंगमुळे. तो एकटा राहता तर हानी मर्यादित राहिली असती. पण त्याच्या हादऱ्याने पॅकिंग इमारतींच्या तुळयांवर, छतांवर, जमिनीवर साचलेली साखर उडाली आणि मजल्यामागून मजला पेटत गेला. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या अहवालात धूळ ओढणारी यंत्रणा अपुरी आणि नादुरुस्त असल्याची नोंद आहे. काही डक्ट साखरेने अर्धवट, काही पूर्ण भरलेले होते. दुर्घटनेच्या काही दिवस आधी छतावरच्या एका डस्ट कलेक्टरमध्ये छोटा स्फोटही होऊन गेला होता. फुटत्या झडपेने तो सुखरूप बाहेर काढला. झडपेने आपले काम केले, माणसांनी त्यातून काही घेतले नाही.

आपल्या सहकारी कारखान्यांत दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन होते. मंडप पडतो, चेअरमन-संचालक सपत्नीक पूजेला बसतात, गाळपाच्या उद्दिष्टाचे आकडे जाहीर होतात. आपली साखर बहुतेक जाड दाण्याची, आणि साखर हाउसमध्ये धूळ पाण्यात विरघळवून परत घेण्याची ओली पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, ही जमेची बाजू. तरीही एलेव्हेटरच्या डोक्याशी, ग्रेडरच्या मागे आणि पोती भरण्याच्या काट्यावर हात फिरवून पाहावा. ज्वलनशील धुळीबाबत अमेरिकी मानकाने धोक्याची रेषा एके काळी सुमारे ०.८ मिलिमीटर थरावर ओढली होती, तोही जमिनीच्या पाच टक्के भागावर पसरलेला असला तरी. आपल्या कारखाना कायद्याच्या कलम ३७ मध्येही असा धुरळा साचू देऊ नये, ठिणगीचे स्रोत दूर ठेवावेत, यंत्र स्फोटाचा दाब सोसण्याइतके भक्कम नसेल तर चोक, बॅफल, व्हेंट लावावेत, असे म्हटले होते. गाळपाच्या उद्दिष्टांसोबत या थराचाही आकडा एखाद्या चेअरमनने मंडपात जाहीर केला तर आम्ही तो पहिल्या पानावर छापू.

आणि आता तो माणूस. बॅगा बदलायच्या दिवशी तो पेटीच्या माथ्यावरचे दार उघडतो, वाकून एकेक केज उपसतो, बॅगेची कडी दाबून ती ओढून काढतो. प्रत्येक बॅग काही किलो धूळ अंगावर घेऊन वर येते. गुंडाळून खाली टाकताना ती सगळी त्याच्या तोंडाभोवती उठते. खाली दुसरा हॉपरशी झटत असतो. धूळ दमट होऊन आत तिचा पूल तयार झाला की ती खाली उतरत नाही. मग हातोडा. हॉपरच्या पत्र्यावर हातोड्याचे पोचे किती आहेत ते पाहावे, बाकी रजिस्टर तपासायची गरज पडत नाही. पोचे पडले की आतला पत्रा उंचसखल होतो, धूळ तिथेच अडकते आणि पुढच्या वेळी हातोडा आणखी जोरात पडतो. कोणी खालच्या दारातून सळई घालून पूल पाडायला जातो आणि सगळा ढीग एकदम अंगावर येतो. अशा जागी उतरण्याबद्दल कारखाना कायद्यात कलम ३६ होते, आणि आत न्यायच्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा घालणारे ३६-अ होते. वस्तुस्थितीत लांबलचक वायरला २३० व्होल्टचा बल्ब लावलेला असतो. पंख्याच्या स्विचला कुलूप हवे आणि त्याची किल्ली आत गेलेल्याच्याच खिशात हवी. पल्सिंगच्या हवेची टाकी आधी रिकामी केलेली हवी, नाहीतर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर व्हॉल्व्ह उघडतो. तोंडाला बसणारा, कणांसाठीचा प्रमाणित मास्क हवा, आणि दाढीवर तो नीट बसत नाही हेही सांगायला हवे. ठेकेदाराकडून दिवसावर आणलेल्या पोराला यातले काय सांगितलेले असते? ‘जरा सांभाळून’.

तपासणी होत नाही असे नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ धुराड्यातला नमुना घेते, त्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत आणि त्या चुकल्या तर नोटीस येते. त्यामुळे नमुन्याच्या आधी बॅगा बदलल्या जातात. शेडच्या आतले काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे, आणि त्यांच्या निरीक्षकांपुढे कारखान्यांचा डोंगर. धुराड्याचा आकडा बरोबर आला याचा अर्थ नॉकआउटवरचा माणूस स्वच्छ हवेत आहे, असा होत नाही. हुड मागे सरकवला किंवा डॅम्पर अर्धा बंद केला तर धुराड्यातून निघणारी धूळ कमीच होते! कामगाराच्या छातीजवळ, त्याच्या कॉलरला पंपाची गाळणी लावून आठ तासांचा नमुना घेणे हीच खरी मोजणी. तिचा खर्च परवडत नाही, अशी तक्रार येते.

ती तक्रार आम्ही झटकून टाकणार नाही. छोट्या फौंड्रीच्या मालकाची बाजू आहे. पंख्याची मोटर दिवसरात्र वीज खाते. बॅगांचा संच, केज, सोलेनॉइड, डायफ्राम यांना दर काही काळाने पैसे लागतात आणि ते एकरकमी लागतात. मोटार कंपन्या कास्टिंगचा दर किलोमागे पैशापैशाने खाली दाबतात. पंख्याचा वेग थोडा उतरवला तर वीज वेगाच्या घनाच्या पटीत वाचते, दहा टक्के वेग कमी तर वीज सत्तावीस टक्के कमी. असे गणित समोर असताना इन्व्हर्टरचे बटण फिरवायचा मोह कोणाला होणार नाही? नवा ग्राइंडर आला की जुन्याच डक्टला आणखी एक फांदी जोडली जाते. ती जोडणाऱ्याला सगळ्या फांद्यांची ओढ कमी होते हे माहीत नसते. आमची तक्रार गरिबीबद्दल नाहीच. विमानतळासारखे चकचकीत रिसेप्शन बांधणाऱ्या, ग्राहकाच्या ऑडिटसाठी फरशीवर पिवळे पट्टे मारणाऱ्या कारखान्यांत मागच्या भिंतीबाहेर तेच पोचे दिसतात, त्याबद्दल आहे.

हवामानाच्या दृष्टीने खंडेनवमी योग्य वेळी येते. चार महिन्यांच्या पावसात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आलेले असते. ड्रायर चालला नाही, ट्रॅप सोडला गेला नाही, तर ते पाणी दर झटक्याला बॅगेत शिरते, आणि वाळूतल्या बेंटोनाइट मातीशी मिळून कापडावर अक्षरशः चिखल लिंपला जातो. त्या बॅगा झाडून मोकळ्या होत नाहीत, बदलाव्याच लागतात. हॉपरच्या वेल्डिंगला, रोटरी व्हॉल्व्हच्या फ्लँजला, दारांच्या रबराला गंज आणि फटी पडलेल्या असतात. कुनशानचे भोक असेच पडले होते. आजपासून दिवाळीच्या सुटीपर्यंत जेमतेम तीन आठवडे हातात आहेत. बॅगांची मागणी आज नोंदवली तर त्या वेळेत येतील. सुटीच्या दिवसांत पंखा कुलूपबंद करून, डक्टचे प्रत्येक बाक उघडून, पत्र्याची जाडी तपासून, ठोकलेल्या हॉपरला व्हायब्रेटर किंवा हवेचे नोझल बसवून काम नीट करता येईल. नव्या बॅगा घातल्यावर चमकती भुकटी सोडून अतिनील दिव्याखाली गळती पाहणारे लोक आता आपल्याकडेही मिळतात. हे काम करणाऱ्यांची छातीची तपासणी आणि एक्स-रे त्याच आठवड्यात व्हावा, ठेकेदाराच्या माणसांचाही, आणि तो कागद त्यांच्या हाती द्यावा, म्हणजे ते गावी गेले तरी तो त्यांच्याबरोबर जाईल.

राहिला हॉपरखालच्या पोत्यांचा प्रश्न. वापरलेल्या वाळूला पुन्हा वापरासाठी गिऱ्हाईक मिळते, पण बॅगेतली ही पिठासारखी धूळ तिथेही कोणाला नको असते. मग ती रात्री ट्रॉलीत घालून ओढ्याच्या काठी किंवा रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात पडते, आणि उन्हाळ्याच्या वाऱ्याने वसाहतीवर परत येते. धूळ किंचित ओली करून, पोत्याची तोंडे बांधून, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात लिहिलेल्या जागीच ती पोचवायची, तर वाहतुकीचा आणि जागेचा पैसा लागतो. बॅगा, वीज, एक्स-रे आणि ही पोती यांचा मिळून जो खर्च येतो तो कास्टिंगच्या किलोमागच्या दरात उघडपणे वेगळा दाखवावा, आणि मोटार कंपन्यांच्या खरेदी विभागाने दर ठरवताना घासाघीस करायची ती बाकीच्या ओळींवर करावी.